रद्दीतून उरलेले : कोणत्या दशकाचे कोणते कॉमिक मौल्यवान ठरते?

१/
एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेतील एका लिलावात एक जुने कॉमिक ६० लाख डॉलरना विकले गेले. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा तो पहिला अंक. १९३८ साली सुपरमॅन याच अंकातून जगासमोर आला आणि तेव्हा अंकाची किंमत होती १० सेंट. त्या वेळी सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या होत्या. आज त्यांतील शंभरच्या आसपास प्रती उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. मग बाकीच्या प्रती गेल्या कुठे? या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की संग्राहक सतत विचारतात त्या दुसऱ्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर मिळते : आजचे कोणते कॉमिक उद्या मौल्यवान ठरेल?

२/
१९३० आणि १९४०च्या दशकांत कॉमिक ही जपण्याची वस्तू नव्हती. मुले अंक गुंडाळून मागच्या खिशात खुपसत, मित्रांशी अदलाबदल करीत, पान फाटेपर्यंत वाचत. वाचून झालेला अंक चुलीजवळच्या कागदांत जाई. १९४१च्या अखेरीस अमेरिका महायुद्धात उतरली आणि रद्दी गोळा करणे हे देशकार्य झाले. युद्धसामग्रीच्या वेष्टनासाठी कागद हवा होता. शाळकरी मुलांनी घरोघरी फिरून गठ्ठे जमवले आणि त्या गठ्ठ्यांत स्वतःची कॉमिकही आनंदाने टाकली. ज्या पिढीने सुपरमॅनवर जीव लावला, तिनेच त्याचा लगदा होऊ दिला. आजची दुर्मीळता कोणी आखलेली नव्हती. ती त्या मुलांच्या हातून नकळत घडली.

३/
या अंकाच्या किमतीमागे आणखी एक हिशेब आहे. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याचे सर्व हक्क १३० डॉलरना विकले होते. ज्या धनादेशात ही रक्कम समाविष्ट होती, तो धनादेशच २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना गेला. दोघांच्या हयातीत त्यांना मिळाले ते दीर्घ न्यायालयीन झगडे, आणि १९७५मध्ये, लोकमताचा रेटा वाढल्यावर, वार्षिक २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन व कॉमिकवर पुन्हा छापले गेलेले नाव. संग्राहकांच्या बाजारात पैसा कागदाच्या मालकाकडे जातो, तो कागद ज्यांनी भरला त्यांच्याकडे नाही. पुढची प्रत्येक किंमत वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

४/
युद्ध संपले आणि संशयाचे पर्व सुरू झाले. कॉमिक वाचून मुले बिघडतात, अशी भीती शाळा, चर्च आणि पालकसंस्थांतून पसरली. १९४८मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर आणि न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे मुलांकडूनच कॉमिकच्या होळ्या पेटवण्यात आल्या. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. भयकथा व गुन्हेकथांसाठी गाजलेल्या 'ई.सी. कॉमिक्स'ला 'मॅड' वगळता आपली मालिकांची दुकानदारी आवरावी लागली. आज पन्नाशीच्या दशकातले संग्राहक सर्वांत आवडीने शोधतात ते नेमके ई.सी.चे अंक.

५/
१९६२च्या ऑगस्ट महिन्याचा 'अमेझिंग फँटसी' क्रमांक १५ हा त्या मालिकेचा शेवटचा अंक होता. खप नव्हता, मालिका बंद होणार होती. म्हणून स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांना एक विचित्र कल्पना तिथे खपवता आली. नायक कोवळ्या वयाचा, चष्मा लावणारा, पैशांच्या विवंचनेत असणारा. आणि शक्ती कोळ्याची. हाच स्पायडरमॅन. १२ सेंटच्या त्या अंकाची एक उत्तम प्रत २०२१मध्ये ३६ लाख डॉलरना विकली गेली. बंद पडणाऱ्या मासिकाचा शेवटचा अंक जपून ठेवावा, असे १९६२ साली कोणालाही वाटण्याचे कारण नव्हते.

६/
१९७० हे वर्ष या इतिहासाचा उंबरठा मानावे लागते. त्या वर्षी रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी जुन्या कॉमिकच्या किमतींची मार्गदर्शिका प्रथम प्रसिद्ध केली, आणि सॅन डिएगोचे संमेलनही त्याच वर्षी सुरू झाले. जुन्या कॉमिकला भाव असतो, ही गोष्ट आता छापील झाली. तरी मुले मुलेच होती. १९७४च्या 'इन्क्रेडिबल हल्क' क्रमांक १८१मध्ये वुल्व्हरिन हे पात्र प्रथमच पूर्णपणे अवतरले. त्या काळात मार्व्हल आपल्या अंकांत कापून चिकटवण्याजोगी 'व्हॅल्यू स्टॅम्प' छापत असे. असंख्य मुलांनी कात्री घेतली. म्हणून आज या अंकाची प्रत विकत घेणारा माणूस सर्वप्रथम आतले तिकीट शाबूत आहे का, हे पाहतो.

७/
याच दशकात एका संग्रहाने बाजार हलवला. कोलोरॅडो राज्यातील एडगर चर्च हे व्यावसायिक चित्रकार होते. चित्रांसाठी संदर्भ म्हणून ते १९३० व १९४०च्या दशकांत सातत्याने कॉमिक विकत घेत आणि घरात एकावर एक रचून ठेवत. १९७७मध्ये कुटुंबीयांनी घर रिकामे करायला घेतले, तेव्हा दुकानदार चक रोझान्स्की यांच्या हाती हजारो अंक लागले, आणि तेही असे, की जणू कालच छापखान्यातून आले आहेत. कोरडी हवा, उजेड नाही, दाबून रचलेल्या चळती. कागद पिवळाही पडला नव्हता. 'माइल हाय' या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह आजही उत्तमतेची मोजपट्टी मानला जातो. चर्च यांनी हे अंक भाव वाढेल म्हणून ठेवले नव्हते, कामाला येतील म्हणून ठेवले होते.

८/
त्यानंतर विक्रीची पद्धतच बदलली. तोवर कॉमिक औषधांच्या दुकानांत आणि वर्तमानपत्रांच्या ठेल्यांवर विकली जात; न खपलेला माल प्रकाशकाला परत करता येई. सत्तरच्या दशकात फिल सूलिंग यांनी खास कॉमिकच्या दुकानांना सवलतीत, परंतु परत न घेण्याच्या अटीवर, माल देण्याची व्यवस्था घडवली. या व्यवस्थेमुळे छोटे प्रकाशकही टिकू शकले. १९८४मध्ये केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी उसनवारीच्या पैशांवर 'टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स'चा पहिला अंक काढला : काळापांढरा, विडंबनात्मक, पहिली छपाई सुमारे तीन हजार. १९८७मध्ये त्यावर कार्टून मालिका आली आणि एक संपूर्ण पिढी त्या कासवांच्या नावाने वेडी झाली. लाखो चाहते आणि तीन हजार प्रती : ऐंशीच्या दशकाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

९/
नव्वदच्या दशकात मात्र सर्वांनाच उत्तर आधीपासून माहीत आहे असे वाटू लागले. जुन्या अंकांच्या किमतींच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकत होत्या, आणि नवे अंक 'गुंतवणूक' म्हणून विकले जाऊ लागले. १९९१चा 'एक्स-मेन' क्रमांक १ पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला. दुकानांनी त्याच्या ८१ लाखांवर प्रती मागवल्या. एकेका ग्राहकाने पाचही मुखपृष्ठे घेतली, कित्येकांनी प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती. नोव्हेंबर १९९२मध्ये 'सुपरमॅन' क्रमांक ७५ आला, ज्यात सुपरमॅन मरतो. विशेष आवृत्ती काळ्या प्लास्टिकच्या बंद पिशवीत होती आणि आत शोकाची काळी फीत. दुकानांबाहेर रांगा लागल्या. अनेकांनी ती पिशवी कधी उघडलीच नाही.

१०/
त्या न उघडलेल्या पिशव्या आजही मुबलक मिळतात. साठ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि त्यांतील मोठा भाग सुस्थितीत जपला गेला. मग दुर्मीळता येणार कुठून? सुपरमॅन तर १९९३मध्ये परतही आला. मुलांच्या उच्चशिक्षणाची सोय होईल म्हणून खोकी भरणाऱ्या पालकांच्या हाती कागदच राहिला. सट्टेबाज खरेदीदार निघून गेले, हजारो दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. या पडझडीत सर्वांत अधिक होरपळले ते परत न करता येणारा माल अंगावर पडलेले छोटे दुकानदार.

११/
मग नव्वदच्या दशकाने मौल्यवान असे काहीच मागे ठेवले नाही का? ठेवले, पण रांगा नव्हत्या तिथे. १९९१मध्येच, एक्स-मेनच्या गजराआड, ओहायोतील जेफ स्मिथ यांनी स्वतःच्या खर्चाने 'बोन'चा पहिला अंक काढला. छपाई तीन हजार. पुढे ही मालिका जगभरच्या शालेय ग्रंथालयांत पोहोचली. दुसरे उदाहरण १९९३चे 'बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स' क्रमांक १२. दूरदर्शनवरील कार्टूनवर बेतलेली ही लहान मुलांची मालिका. गंभीर संग्राहक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. हार्ली क्विन या पात्राने कॉमिकमध्ये पहिले पाऊल टाकले ते या अंकात. लहान मुलांनी तो वाचला, चुरगाळला, टाकून दिला. म्हणूनच आज त्याची कोरी प्रत शोधावी लागते.

१२/
इथपर्यंतच्या सहा दशकांतून एक नियम हाती येतो. कॉमिक मौल्यवान ठरण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली : पुढच्या पिढीने त्या कथेवर किंवा पात्रावर मनापासून प्रेम करावे. दुसरी : मूळ पिढीने ती प्रत जपण्यालायक मानलेली नसावी. पहिली गोष्ट घडेल की नाही हे सांगता येत नाही, आणि दुसरी ठरवून घडवता येत नाही. सर्वांनी जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही, हा नव्वदच्या दशकाचा धडा. आणि दुर्मीळ असलेली प्रत्येक वस्तू कोणाला हवी असतेच असे नाही, हा त्याचा जोडधडा.

१३/
२००० साली 'सी.जी.सी.' या कंपनीने कॉमिकचे श्रेणीकरण सुरू केले. तज्ज्ञ प्रत तपासतात, ०.५ ते १०पर्यंत गुण देतात आणि अंक पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात सील करतात. यामुळे अनोळखी माणसांतला व्यवहार सुकर झाला, आणि ९.६ व ९.८ या गुणांतल्या नखाएवढ्या फरकाला मोठी किंमत आली. या दशकातला सर्वांत बोलका अंक म्हणजे ऑक्टोबर २००३चा 'द वॉकिंग डेड' क्रमांक १. रॉबर्ट किर्कमन आणि टोनी मूर यांची ही काळीपांढरी झोंबीकथा सुमारे सात हजार प्रतींनिशी आली. २०१०मध्ये दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि सात हजारांचा तो आकडा एकाएकी फार लहान वाटू लागला.

१४/
२०१०च्या दशकात पडदा आणि कागद यांचे नाते उघडच झाले होते. ऑगस्ट २०११च्या 'अल्टिमेट फॉलआउट' क्रमांक ४मध्ये माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन आला. वडील कृष्णवर्णीय, आई प्वेर्तो रिकोच्या वंशाची. काही जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. २०१८मध्ये त्याच्यावरचा 'इन्टू द स्पायडर-व्हर्स' हा चित्रपट आला, पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले, आणि आज कित्येक मुलांसाठी माइल्स हाच त्यांचा स्पायडरमॅन आहे. २०१३मध्ये अवतरलेली पाकिस्तानी-अमेरिकी कमला खान हीदेखील याच दशकाची. जुन्या वाचकांनी परके मानलेले पात्र नव्या वाचकांचे आपले होते, तेव्हा त्या पात्राचा पहिला अंक टिकाऊ मोलाचा ठरण्याची शक्यता वाढते. केवळ चित्रपटाच्या घोषणेने चढलेला भाव मात्र चित्रपट आपटला की उतरतो.

१५/
२०२०च्या दशकात नव्वदची आठवण येण्यासारखे बरेच काही आहे. महासाथीच्या काळात घरी बसलेल्या लोकांचा पैसा या बाजारात आला आणि किमती चढल्या. नंतर अनेक अंकांच्या उतरल्या. एका अंकाची दहा-वीस मुखपृष्ठे निघतात. दुकानदाराने साध्या मुखपृष्ठाच्या २५ प्रती मागवल्या तर विशेष मुखपृष्ठाची एक प्रत मिळते, अशा योजना सर्रास चालतात. ही दुर्मीळता कारखान्यात बनवलेली आहे आणि ती प्रत घेणारा प्रत्येक जण ती जपणारच आहे. ऑक्टोबर २०२४च्या 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' क्रमांक १ला वाचकांनी मनापासून उचलून धरले, त्याची अनेकदा पुनर्छपाई झाली; पण लोकप्रियतेची बाजू भक्कम असली, तरी जपणाऱ्यांची संख्याही तितकीच मोठी आहे.

१६/
मग या दशकाचे उत्तर कुठे शोधावे? कॉमिकच्या दुकानाबाहेर, कारण आजची मुले तिथे वाचतच नाहीत. रेना टेल्गेमायर यांचे 'स्माइल' (२०१०) आणि डेव्ह पिल्की यांचे 'डॉग मॅन' (२०१६) ही पुस्तके शाळांच्या पुस्तकजत्रांतून आणि ग्रंथालयांतून मुलांच्या हातांत गेली. त्यांवर रसाचे डाग पडले, पाने निखळली, धाकट्या भावंडांनी चित्रे रंगवली. लाखो प्रती छापल्या गेल्या, हे खरे. पण पहिल्या छपाईची स्वच्छ प्रत शोधू गेल्यास चित्र वेगळे दिसेल. १९३८च्या मुलांनी सुपरमॅनचे जे केले, तेच ही मुले या पुस्तकांचे करीत आहेत. आजचा गंभीर संग्राहक त्यांना बालसाहित्य म्हणून बाजूला सारतो, आणि इतिहास पाहता हीच खूण लक्षात घेण्याजोगी आहे.

१७/
जपानमध्ये हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. 'वीकली शोनेन जंप' हे साप्ताहिक जाड, स्वस्त आणि खरखरीत कागदावर छापले जाते. वाचायचे, आगगाडीत ठेवून द्यायचे किंवा रद्दीत टाकायचे, अशी त्याची रीत. मालिकांचे जपून ठेवायचे खंड पुढे स्वतंत्रपणे निघतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्याचा खप आठवड्याला साठ लाखांवर गेला होता. १९९७च्या ३४व्या अंकात 'वन पीस' सुरू झाले. त्या आठवड्याचे लाखो अंक नेहमीप्रमाणे लगद्याला गेले. आज जगभरचे चाहते जो अंक शोधतात, तो कोणे एके काळी प्रत्येक रेल्वे स्थानकावर पडलेला होता.

१८/
मराठी वाचकाला हे सारे अनोळखी वाटणार नाही. टाइम्स समूहाने मुंबईतून काढलेली 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ ते १९९० या काळात फँटम आणि मॅन्ड्रेकला घराघरांत घेऊन आली, मराठीतही. उन्हाळ्याच्या सुटीत ती भाड्याने आणली जात, हातोहात फिरत, आणि दिवाळीच्या साफसफाईत वर्तमानपत्रांबरोबर तराजूत बसत. १९६७मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'चे नशीब वेगळे. त्या 'चांगल्या' मानल्या गेल्या, बांधून ठेवल्या गेल्या, पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या. त्यामुळे कथा आजही सहज मिळते आणि शोध घ्यावा लागतो तो जुन्या आवृत्तीचा. इंद्रजालचा मराठी अंक मात्र रद्दीवाल्याच्या नजरेतून सुटला असेल तरच उरतो.

१९/
इथे संग्राहक आणि इतिहासाचा अभ्यासक यांच्या वाटा वेगळ्या होतात. मुखपृष्ठावर शाईने लिहिलेले मुलाचे नाव, कापून नेलेले तिकीट, समासात काढलेली मिशी, पुन्हा पुन्हा उघडल्याने सैल झालेली पिन : श्रेणीकरणात यांतल्या प्रत्येक गोष्टीमागे गुण कमी होतात. अभ्यासकासाठी नेमका हाच पुरावा असतो. हा अंक कोणी वाचला, कसा वाचला, किती जणांत फिरला, हे त्याच खुणा सांगतात. ९.८ गुणांची प्रत एवढेच सांगते, की तिला कोणी वाचले नाही. शिवाय प्लास्टिकच्या कवचात बंद झालेला अंक उघडून पाहता येत नाही. तो मूल्यवान होतो त्याच क्षणी वाचनातून बाद होतो. बाजाराने राखलेला इतिहास हा असा न वाचलेल्या प्रतींचा इतिहास असतो.

२०/
साठवलेल्या पैशांतून चमकदार मुखपृष्ठाच्या तीन प्रती घेऊ पाहणाऱ्या तरुणाला नव्वद वर्षांचा हा अनुभव फारशी आशा देत नाही. १९९२च्या रांगेतही त्याच्यासारखेच लोक उभे होते. त्याच्या घरात याहून मोलाचे काही असण्याची शक्यता अधिक आहे : माळ्यावरचा दोरीने बांधलेला गठ्ठा, कोपरे झिजलेला, पहिल्या पानावर मामाचे किंवा मावशीचे नाव, खाली इयत्ता आणि तुकडी. त्या गठ्ठ्याला लिलावात कोणी बोली लावणार नाही. पण एखाद्या दशकातली मुले मराठीत काय वाचत होती, याची नोंद फार थोड्या ठिकाणी झाली आहे आणि त्यांतली एक नोंद तिथे आहे. या दिवाळीत रद्दीवाला दारात येईल, तेव्हा तराजूत ठेवण्याआधी तो गठ्ठा एकदा सोडून पाहायला हरकत नाही.

(समाप्त)